आतल्या खोलीचं निर्लेखन

अक्काने फोनवर एवढंच विचारलं होतं, "जागा आहे ना रे तुझ्याकडे?"

आणि दफ्तरदारांनी एका दमात सांगून टाकलं होतं, "म्हणजे काय, अक्का. आतली खोली अख्खी तुझीच आहे."

फोन ठेवून ते वळले, तर बायको दारात उभी. दवाखान्यात नर्स म्हणून पंचवीस वर्षं काढल्यामुळे माणसाला ताप आहे की नाही हे तिला नुसतं बघून कळायचं, आणि नवरा थापा मारतोय की नाही हे न बघताही कळायचं.

"आतल्या खोलीत शेवटचं कधी गेला होतात?"

"मागच्या उन्हाळ्यात. टेबलफॅन शोधायला."

"सापडला?"

"नाही. म्हणून तर नवा आणला."

"आणि तो कुठाय आता?"

दफ्तरदारांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि विषय बदलला.

त्यांचं आडनाव दफ्तरदार नव्हे. एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात, म्हणजे जुनी कागदपत्रं ठेवायच्या तळघरात, एकतीस वर्षं नोकरी करून ते निवृत्त झाले होते, म्हणून इमारतीत सगळे त्यांना दफ्तरदार म्हणत. आता तर पोस्टमनही म्हणे. एकतीस वर्षांत आपल्या हातून एक कागद गहाळ झाला नाही, याचा त्यांना रास्त अभिमान होता. एक कागद बाहेरही गेला नाही, असं त्यांचे साहेब म्हणत. पण साहेबांना काय, ते बदली होऊन निघून जातात. कागदांना तिथेच राहायचं असतं.

अक्का त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. शाळेत शिक्षिका होती, आता एकटी राहायची, तीन जिने चढून. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी तीन महिने जिन्याचं नाव काढू नका म्हणून बजावलं होतं. दफ्तरदारांचं घर तळमजल्यावर. तिने दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. लहानपणी आई अंथरुणाला खिळलेली असताना त्यांचं नाक पुसण्यापासून पाढे घोकून घेण्यापर्यंत सगळं अक्कानेच केलेलं.

पण एक गोष्ट दफ्तरदारांच्या मनाला दोन वर्षं लागून राहिली होती. मागे डोळ्याच्या ऑपरेशननंतर अक्का पंधरा दिवसांसाठी आली, तेव्हा आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिची गादी बाहेरच्या खोलीत, चपलांच्या कपाटाला लागून घातली. दाराची बेल वाजली की अक्का पाय आखडून घ्यायची, म्हणजे येणाऱ्याला आत येता यावं. नवव्या दिवशी तिने पिशवी भरली. "घरी झाडांना पाणी घालायचंय रे," म्हणाली आणि गेली. अक्काने जन्मात एक झाड लावलं नव्हतं, हे दफ्तरदारांना ठाऊक होतं. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत ते फाटकात उभे राहिले होते, आणि त्यांना फार वाईट वाटलं होतं.

या वेळी असं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. अक्काला दवाखान्यातून सोडायला दहा दिवस होते.

"दहा दिवस पुष्कळ झाले," बायको म्हणाली. "रोज एक पोतं भरायचं आणि बाहेर काढायचं."

"असं कसं? पोतं काय भरायचं? त्याला पद्धत असते."

पद्धत म्हणजे वर्गवारी. अभिलेख कक्षात प्रत्येक कागदाला वर्ग असतो. अ म्हणजे कायम जतन करायचा. ब म्हणजे तीस वर्षं. क म्हणजे दहा वर्षं. आणि ड म्हणजे नष्ट करायचा. वर्ग ठरला की चिठ्ठी चिकटवायची, नोंदवहीत क्रमांक टाकायचा, सही करायची, की झालं. सोपं काम. जगातली सगळी अडगळ या चार अक्षरांत बसते आणि लोक उगाच हाय खातात, असं दफ्तरदारांचं मत होतं.

पहिले दोन दिवस चिठ्ठ्या कापण्यात गेले. तिसऱ्या दिवशी खळ शिजवण्यात गेला, कारण बाजारातला डिंक चार वर्षांत सुटतो. चौथ्या दिवशी दफ्तरदार नाकाला रुमाल बांधून आत शिरले. झाकणं नसलेल्या एकोणीस बरण्या निघाल्या. दुसऱ्या खोक्यात सव्वीस झाकणं निघाली, पण ती या बरण्यांची नव्हती. विकून टाकलेल्या टीव्हीचं खोकं निघालं, आणि त्याच्या आत विकून टाकलेल्या मिक्सरचं खोकं. तीन छत्र्यांचे सांगाडे, एक रेडिओ, शिवणयंत्राचे नुसते पाय. या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी एक पलंग होता, ज्यावर अक्काने झोपायचं होतं. त्याचा एक खूर तेवढा दिसत होता.

सहाव्या दिवशी संध्याकाळी नोंदवही पूर्ण झाली. बायको ड्युटीवरून आली तेव्हा ती तिच्यापुढे ठेवण्यात आली.

"एकंदर वस्तू दोनशे बारा," दफ्तरदार म्हणाले. "अ वर्ग एकशे एक्केचाळीस. ब वर्ग पन्नास. क वर्ग एकवीस."

"आणि ड?"

"निरंक."

बायकोने पर्स खांद्यावरून काढली नाही. "म्हणजे सहा दिवसांत बाहेर काय गेलं?"

"बाहेर जाणं ही पुढची पायरी आहे. आधी नोंद तर झाली."

"नोंद झाली. हं. मग अक्कांना नोंदवहीवरच झोपवू."

हा टोमणा त्यांना लागला. पण दोष आपला नाही, हेही त्यांना त्याच क्षणी उमगलं. कचेरीत एकट्या माणसाला साधा टिपकागदसुद्धा नष्ट करता येत नसे. त्यासाठी निर्लेखन समिती बसायची, तिघांची. म्हणजे माया आड येत नाही आणि उद्या कोणी विचारलं तर तिघांकडे बोट दाखवता येतं. आपल्याकडे समितीच नव्हती, मग ड वर्ग येणार कुठून?

सातव्या दिवशी समिती स्थापन झाली. अध्यक्ष वरच्या मजल्यावरचे मास्तर. ते शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी शिट्टी गळ्यातच होती. सदस्य समोरच्या दारच्या काकू. आणि दुसरा सदस्य रस्त्याच्या बाजूला दुकान असलेला शिंपी, कारण दुपारी त्याला गिऱ्हाईक नसे. समितीला पाहणी करता यावी म्हणून दफ्तरदारांनी निम्मं सामान बाहेरच्या बोळात भिंतीला लावून मांडलं आणि वर सूचना डकवली: 'खालील वस्तूंबाबत हरकती असल्यास लेखी कळवाव्यात.'

हरकती माणसाला आवडतातच. काकूंनी बरण्यांवर हरकत घेतली. "झाकणं नाहीत म्हणून काय झालं? आहेत तशा चांगल्या आहेत की. टाकणारे टाकतात, मग मेलं ऐन वेळी एक बरणी मिळत नाही."

"मग तुम्ही नेता का?" दफ्तरदारांनी आशेने विचारलं.

"मी कशाला? तुम्ही टाकू नका, एवढंच म्हणतेय."

शिंप्याने शिवणयंत्राच्या पायांवर हरकत घेतली. असं ओतीव लोखंड आता मिळत नाही, म्हणाला. त्याला स्वतःला मात्र नको होतं, त्याच्याकडे असे तीन जोड होते. मास्तरांनी तत्त्व म्हणून सगळ्यावरच हरकत घेतली. टाकण्याने शिस्त बिघडते, असं त्यांचं म्हणणं पडलं. जाता जाता प्रत्येकाने सल्लाही दिला. काकू म्हणाल्या, एका वेळी एकच कोपरा करा. शिंपी म्हणाला, कोपऱ्याला मुळीच हात लावू नका, मधून सुरुवात करा. मास्तर म्हणाले, पहाटे उठा.

आठव्या दिवशी सकाळी दफ्तरदार दूध घ्यायला बाहेर आले, तर बोळातलं सामान वाढलेलं. पॅडल नसलेली एक व्यायामाची सायकल उभी होती. तिच्या शेजारी एक हातमोडकं पुतळ्याचं धड, शिंप्याच्या दुकानातलं. त्यापलीकडे कवायतीची बारा लाकडी डंबेल्स, एक कमी.

"म्हटलं समिती बसलीच आहे," काकू दारातून म्हणाल्या, "तर आमचंही बघून टाका. ह्यांनी ती सायकल घेतली तेव्हापासून तिच्यावर टॉवेलच वाळताहेत."

इथे कोणीही शहाणा माणूस कानावर हात ठेवून आत गेला असता. पण दफ्तरदारांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत टेबलावर आलेला कागद त्यांनी एकदाही परत पाठवला नव्हता. त्यांच्या टेबलावर आलं ते त्यांच्या जबाबदारीवर आलं. त्यांनी नोंदवही उघडली, सायकलीला क्रमांक दिला आणि काकूंना पोच लिहून दिली. पोच मिळते म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत इमारतीतून आणखी सतरा वस्तू आल्या.

नवव्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, दुपारी सोसायटीच्या सेक्रेटरीची नोटीस आली. ये-जा करायच्या बोळात सामान ठेवणं धोक्याचं असून सहाच्या आत ते हलवावं. सेक्रेटरी स्वतः नोटीस घेऊन आले होते, आणि त्यांच्या दुसऱ्या हातात एक जुना गीझर होता.

"हा काय?"

"हा नंतर बघू," सेक्रेटरी म्हणाले आणि गीझर खाली ठेवून गेले.

सहाच्या आत सगळं आतल्या खोलीत गेलं. जे बाहेर काढलं होतं ते, आणि जे कधीच आत नव्हतं तेही. दार आता वीतभर उघडायचं. आत जायचं तर श्वास सोडून पोट आत घ्यावं लागे, आणि आत गेल्यावर श्वास घ्यायला जागा नसे. दफ्तरदार त्या फटीतून बराच वेळ आत बघत राहिले. उद्या अकरा वाजता अक्काला आणायचं होतं. चपलांचं कपाट बाहेरच्या खोलीत होतं तिथेच होतं.

संध्याकाळी समितीची तातडीची बैठक झाली. दोन तास चर्चा होऊन एकमताने एकच वस्तू नष्ट करायचं ठरलं. ती म्हणजे खोलीच्या दारावर बाहेरून लटकणारं अकरा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. दफ्तरदारांनी ठरावावर तिघांच्या सह्या घेतल्या. तेवढ्यात बायकोने कॅलेंडर ओढून काढलं, चार घड्या केल्या आणि केराच्या डब्यात कोंबलं.

"अगं, चिठ्ठी तरी लावू द्यायचीस."

"कशाला? कॅलेंडर राहिलंय कुठे?"

"तेच तर. कचेरीत एखादी फाईल नष्ट केली की तिच्या जागी चिठ्ठी राहते. म्हणजे नंतर कोणी शोधायला आला तर त्याला कळतं."

आणि नियमाप्रमाणे त्यांनी ज्या जागी कॅलेंडर होतं त्या जागी, म्हणजे दाराच्या ऐन मध्यावर, घरच्या खळीने एक चिठ्ठी घट्ट डकवली: 'वर्ग ड. नष्ट करण्यास समितीची मंजुरी आहे.' खाली तारीख आणि सही. ओळ सरळ आली आहे ना, हे चार पावलं मागे जाऊन पाहिलं.

बायकोने कपाळाला हात लावला. "उद्या नऊ वाजता भंगारवाल्याला बोलावलंय मी. सकाळी उठा आणि पन्नास वस्तूंना ड लावा. कुठल्याही पन्नास. मला सातला निघायचंय, नाहीतर मीच लावले असते."

शनिवारी सकाळी दफ्तरदार पन्नास चिठ्ठ्या घेऊन फटीतून आत शिरले आणि तासाभराने पन्नासच्या पन्नास चिठ्ठ्या घेऊन बाहेर आले. त्यांचंही चुकत नव्हतं. रेडिओवर वडील बातम्या ऐकायचे. छत्री कुठली तेही आठवत होतं. आणि अगदी दाराजवळ होती नोंद क्रमांक एक: हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी. नोकरी लागून ते वेगळं बिऱ्हाड करायला निघाले, तेव्हा अक्काने ती हमालाकडून त्यांच्या टांग्यात चढवून दिली होती. "ही राहू दे तुझ्याकडे," एवढंच म्हणाली होती. पाच घरं बदलली, पण पेटी सोबत होती. तिच्यात त्यांनी कधी काही ठेवलं नाही, कुलूप लागत नसे. पण तिच्यावरची अ ची चिठ्ठी सगळ्यांत मोठी होती, आणि तिच्यावर तांबड्या शाईने जादा ओळ होती: 'कायम जतन. नष्ट केल्यास संबंधितांवर कारवाई होईल.'

एवढ्यात दवाखान्यातून फोन आला. अकराऐवजी साडेनवालाच सोडताहेत, लवकर या. दफ्तरदारांची धांदल उडाली. किल्ली त्यांनी मास्तरांकडे दिली. "भंगारवाला येईल. त्याला एकच सांगा. ज्यावर ड असेल ते न्यायचं. ड नसेल तर काडीलाही हात लावायचा नाही."

"हुकमाची तामील होईल," मास्तर म्हणाले आणि टाचा जुळवल्या. आत ड लावलेली एकही वस्तू नाही, तेव्हा भंगारवाला हात हलवत परत जाईल, अशा हिशेबाने दफ्तरदार निघाले. अक्काला टॅक्सीत खरं काय ते सांगून टाकायचं आणि तिची माफी मागायची, असंही त्यांनी ठरवलं.

टॅक्सीत त्यांनी तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा अक्काच म्हणाली, "खोली आहे हे बरं झालं रे. मला आता पाय आखडता येत नाही." मग ती खिडकीबाहेर बघू लागली. दफ्तरदारांनी ड्रायव्हरला जरा हळू चालवायला सांगितलं.

फाटकात मास्तर उभे होते. टॅक्सी बघताच त्यांनी शिट्टी फुंकली. "काम फत्ते," ते म्हणाले. "पावणेदोन तास. दोन हातगाड्या."

"कसल्या हातगाड्या?" दफ्तरदारांनी विचारलं, पण अक्काला वॉकरवर उभं करण्याच्या गडबडीत उत्तर ऐकायचं राहून गेलं.

आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. खोलीत काहीही नव्हतं. फरशी होती, खिडकी होती, आणि भिंतींवर जिथे जिथे सामान टेकलेलं होतं तिथे रंग नवा दिसत होता. खिडकीतून ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत आलं होतं. या खोलीत ऊन येतं हे दफ्तरदारांना इतकी वर्षं माहीत नव्हतं. बरण्या गेल्या होत्या, झाकणं गेली होती, सायकल, धड, डंबेल्स, गीझर, दोन्ही टेबलफॅन. पलंगही गेला होता.

अक्का वॉकर टेकत उंबऱ्याशी आली. आत बघून म्हणाली, "जागा आहे म्हणालास. पण इतकी?"

"मास्तर, मी काय सांगितलं होतं?" दफ्तरदारांनी विचारलं. "ज्यावर ड असेल ते."

मास्तरांनी दाराच्या मध्यावरची चिठ्ठी दाखवली. "हे बघा. वर्ग ड, मंजुरी आहे, खाली तुमची सही. खोलीच्या दारावर ड म्हणजे अख्खी खोली ड. भंगारवाला कां कूं करत होता. आत सगळीकडे अ लिहिलंय म्हणाला. मी सांगितलं, मोठ्या दाराच्या चिठ्ठीपुढे आतल्या चिठ्ठ्या चालत नाहीत."

कचेरीत एखाद्याने हाच युक्तिवाद केला असता तर दफ्तरदारांनी त्याची पाठ थोपटली असती. आता त्यांनी ती चिठ्ठी नखाने खरवडून पाहिली, पण खळ घरची होती.

"अक्का," ते म्हणाले, "तुझी पेटी गेली."

"कुठली पेटी?"

"हिरवी. मी बिऱ्हाड केलं तेव्हा तू दिलेली. चौतीस वर्षं सांभाळली गं. पाच घरं बदलली, पण सोडली नाही. तू आठवणीने दिलेलीस आणि माझ्या हातून…" मास्तरांनी शिट्टी सदऱ्याच्या आत टाकली.

अक्का डोक्याला ताण देत होती. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला. "ती? गंजकी, कुलूप न लागणारी? अरे वेड्या, ती मी तुला दिली नव्हती, तुझ्या गळ्यात मारली होती. माझ्या दारामागे अडचण व्हायची. भंगारवाला फुकट न्यायला तयार नव्हता. म्हटलं, याचा टांगा चाललाच आहे तर जाईल."

अक्का आधी गालात हसली, मग हसू आवरेना तशी वॉकर धरून हलायला लागली, आणि ऑपरेशनचा पाय सावरत "हसवू नको रे" म्हणू लागली. शेवटी दफ्तरदारही हसले. नक्की कशाला हसतोय ते त्यांना सांगता आलं नसतं.

बाकीचं फार भराभर झालं. सायकल गेल्याचं कळताच काकू इतक्या खूश झाल्या की पाहुण्यांच्या खोलीतला पलंग त्यांनी स्वतः उभं राहून पाठवला. शिंप्याने उंच, हातांची खुर्ची आणली. सेक्रेटरींनी गीझरबद्दल चकार शब्द न काढता एक उशी दिली. मास्तरांनी हाक मारायला सोपं जावं म्हणून अक्काच्या गळ्यात जादा शिट्टी घातली. दफ्तरदारांचा हात सवयीने नोंदवहीकडे गेला, तेव्हा ड्युटीवरून आलेल्या बायकोने ती उचलून नर्सच्या पिशवीत टाकली. रिकामी खोली बघून तिने दाराला टेकून डोळे मिटले होते आणि दोन मिनिटं तशीच उभी राहिली होती.

तेवढ्यात भंगारवाला परत आला, घामाघूम होऊन, डोक्यावर हिरवी पेटी घेऊन. "साहेब, बाकीचं ठीक आहे," तो म्हणाला. "पण हिच्यावर कारवाई होईल लिहिलंय. मी पोराबाळांचा माणूस. ही तुमची तुम्हाला." त्याने पेटी खोलीच्या मधोमध ठेवली, मिळाल्याची सही घेतली आणि मागे न बघता गेला.

सगळे पेटीकडे बघत होते. बायकोने दफ्तरदारांकडे पाहिलं. अक्का पलंगावरून म्हणाली, "आण इकडे." दफ्तरदारांनी पेटी सरकवली. अक्काने ऑपरेशनचा पाय उचलून तिच्यावर लांब ठेवला, टाच जरा इकडेतिकडे केली आणि म्हणाली, "उंची बरोबर आहे."

पुढचे आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी सकाळी अक्काने मागच्यासारखी पिशवी तर भरली नाही ना, हे दफ्तरदारांनी दोनदा डोकावून पाहिलं. चहा घेऊन ते आतल्या खोलीत आले, तर अक्का पेटीवर पाय ताणून खिडकीकडे बघत बसलेली.

"काय रे," ती म्हणाली, "ही खिडकी फारच बोडकी दिसते. तीन महिने बघत काय बसू? एखादं झाड आण की. पाणी मी घालीन."

दफ्तरदारांनी कप तिथेच ठेवला आणि पायात चपला सरकवल्या. "एकच," बायकोने स्वयंपाकघरातून बजावलं. तासाभराने ते परत आले तेव्हा तिने त्यांच्या पाठीमागेही बघितलं, पण हातात खरंच एकच कुंडी होती. ती त्यांनी खिडकीत ठेवली. तिच्यावर चिठ्ठी लावली नाही.